पिवळा चिमटा

बर्सलेम
गुरुवार, १७ नोव्हेंबर २०११

चि. बेरिलला थेल्माताईचे अ. उ. आ.

तू सुखरूप पोचलीस हे तुझ्या कार्डावरून कळलं. कार्डावर समुद्र छान आला आहे. तुमच्या लँडडनोत समुद्राशिवाय दुसरं काही छापत नाहीत का?

मी ठीक. गुडघा आहे तसाच. तू केलेले ओटकेक उरले होते, ते चीज घालून संपवले. ते धिरड्यासारखे पातळ हवेत, तुझे थोडे जाड झाले होते, पण खाल्ले. आता मुद्द्याचं.

रविवारी आपल्या रिमोटच्या छोट्या गाड्यांच्या क्लबात जे झालं ते तू अर्धंच पाहिलंस, कारण तू आत कप विसळत होतीस. उरलेलं अर्धं मी सांगते. माझी गाडी वळणावर होती. मी रिमोटवरचा अंगठा मागे घेतला, म्हणजे थांब म्हटलं, आणि ती थांबायच्या ऐवजी सुसाट निघाली. कडेची फळी ओलांडली, चहाच्या टेबलाखालून गेली आणि क्लबातल्या सिरिलच्या नडगीवर जाऊन आदळली. सिरिलला पट्टी लावली, वर बिस्किटं दिली, गडी खूश. पण आपले अध्यक्ष डेस्मंड बॅग्नल स्वयंपाकघरातून धावत आले आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, की थेल्माची पाटी चिकटली, मी कधीचा सांगतोय, ही जुनी पाट्यांची भानगड एक दिवस कुणाचा तरी पाय मोडणार.

पाटी म्हणजे काय हे आमचा हॅरल्ड जिवंत होता तेव्हा त्याने तुला कैकदा सांगितलंय, पण तू मान हलवायचीस आणि टाके मोजायचीस. तर ऐक. गाडीच्या पोटात एक छोटी पाटी असते, तिच्यावर तांब्याचे ठिपके. एक पितळी हात त्या ठिपक्यांवरून सरकतो. पहिल्या ठिपक्यावर गाडी हळू, पुढच्यावर मध्यम, शेवटच्यावर जोरात. हळू चालवताना जास्तीची वीज एका पांढऱ्या ठोकळ्यात जिरते आणि तो तापतो. ठोकळा भाजलेल्या मातीचा आहे, आपल्या कपबशांसारखा. मी पंधराव्या वर्षापासून कारखान्यात कपांना कान चिकटवले, मातीवर माझा भरवसा आहे. ठिपके काळे पडले तर हात तिथेच चिकटतो आणि गाडी थांबत नाही, म्हणून मी ते दर शनिवारी खोडरबराने घासते. रविवारी तिथल्या तिथे झाकण काढून दाखवलं. स्वच्छ होती पाटी, कुठे काळा डाग नाही. कुणी वाकून बघितलंही नाही.

मग गाडी पळाली का? माझा रिमोट जुना, डेस्मंडचाही एक जुना आहे. दोघांची रेडिओलहर एकच, तिचा रंग पिवळा. दोन पिवळे रिमोट एकदम चालू झाले तर गाडीला कळत नाही कुणाचं ऐकायचं. म्हणून तर भिंतीवर रंगीत चिमट्यांचा फळा आहे. ज्याला पिवळा रिमोट चालू करायचा त्याने आधी पिवळा चिमटा घ्यायचा आणि एरियलला लावायचा. चिमटा एकच. तो रविवारी माझ्या एरियलला होता.

आणि तू परत येताना बसमध्ये काय म्हणालीस? की डेस्मंड किती मोकळा माणूस आहे, आत येऊन त्याने मला त्याचा पहिला रिमोट दाखवला, एरियल लांब करून, चालू करून, दांडी पुढे ढकलून, आणि तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला.

मी त्याला सोमवारी फोन केला. तो म्हणतो बॅटरीच नव्हती त्यात.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी क्लबाची सभा आहे. तिथे तो नियम मांडणार आहे, की पाटीच्या गाड्या बंद, सगळ्यांनी पाटी काढून इलेक्ट्रॉनिक डबी बसवायची. तू ये आणि जे पाहिलंस ते उभी राहून सांग. तुझ्याकडून एवढंच हवंय.

मांजराला माझ्याकडून एक धपाटा. तुझ्यावर माया आहेच, ती पत्रात लिहीत बसत नाही.

थेल्माताई

०

लँडडनो
२८ नोव्हेंबर २०११

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण चर्चच्या नाताळच्या बाजाराची सगळी तयारी यंदा माझ्या गळ्यात पडली आहे. मार्मालेड अजून पातळच आहे. गुडघ्याला ती मी दिलेली मलमाची ट्यूब लावतेस ना? लावत नसशीलच.

ताई, तू मला फार अवघड ठिकाणी उभं करतेस. मी काहीतरी पाहिलं, हे खरं. त्याच्या हातातल्या डब्यावर काचेखाली एक सुई होती, ती हलल्यासारखी वाटली. पण माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, हात साबणात होते, आणि रिमोटमधलं मला काय कळतं? चार लोकांत उभं राहून एखाद्याला खोटं पाडायचं म्हणजे आपली पक्की खात्री हवी. डेस्मंडने मला स्टेशनपर्यंत गाडीने सोडलं, बॅग डब्यात चढवून दिली, गाडी हलेपर्यंत फलाटावर उभा राहिला. अशा माणसाला त्याच्याच क्लबात खाली बघायला लावायचं मला नाही जमणार.

शिवाय तोटा काय आहे ते मला समजत नाही. डबी बसवली की तुझी गाडीही चालेल, डेस्मंडचंही समाधान होईल, आणि सभेत भांडण नको. केरी म्हणते, नवी डबी बसवणं अगदी सोपं असतं. नातीचं तरी ऐकत जा. तू पंच्याहत्तर वर्षांची आहेस, ताई. रविवारी घरी बसून रेडिओ ऐकलास तरी कुणी तुला नावं ठेवणार नाही.

रागावू नकोस. मला भांडणं सोसत नाहीत, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

तब्येतीला जप आणि या भित्र्या बहिणीवरचं प्रेम आटू देऊ नकोस.

तुझी,
बेरिल

०

बर्सलेम
२८ डिसेंबर २०११

बेरिल हिस आ. (चिरंजीव लिहायला आज हात वळत नाही.)

पार्सल मिळालं. नाताळच्या दिवशी केरीने ते सगळ्यांसमोर माझ्या मांडीवर ठेवलं, लाल फितीसकट. वर लिहिलेलं, प्रेमपूर्वक, बेरिल आणि केरी. आत इलेक्ट्रॉनिक डबी. केरी पर्समध्ये स्क्रूड्रायव्हरसुद्धा घेऊन आली होती. मी तिला टर्की वाढली, पोरांना पुडिंग वाढलं, आणि डबी फितीसकट तिच्या पर्समध्ये परत घातली. ती म्हणाली, आजी, किती गं हट्टी तू. मी म्हटलं, हो, अजून पुडिंग हवं का?

तू विचारलंस तोटा काय. सांगते, आणि एकदाच सांगते.

डबीत वाईट काहीच नाही. गुळगुळीत चालते, तापत नाही, आवाज करत नाही, वास मारत नाही. म्हाताऱ्या बाईने कसं असावं असं तुम्हा सगळ्यांना वाटतं, अगदी तशी आहे ती. माझी पाटी टिकटिकते, तापते, आणि तिला मोजके वेग येतात. पण मी अंगठा मागे घेतला की ती मागे येते. मधे बसून कुणी विचार करत नाही की या बाईला खरंच थांबायचंय का.

दुसरं म्हणजे, मी डबी बसवली की हॉलमध्ये सगळे म्हणणार, बघा, थेल्माने शेवटी कबूल केलं, पाटीच चिकटली होती. माझी पाटी चिकटली नव्हती. मी जन्मात पुष्कळ चुका केल्या, त्यातली एक तर हॅरल्डशी लग्न करायची, पण त्या माझ्या मी केल्या. दुसऱ्याची चूक मी फीत बांधून घरी आणणार नाही.

तिसरं. हॅरल्ड गेल्यावर मी त्याची ही गाडी चालवायला घेतली ती त्याच्या आठवणीसाठी, असं तू चर्चमध्ये बायकांना सांगतेस म्हणे. सांगू नकोस. तो इतकी भिकार चालवायचा की मला बघवत नव्हतं, म्हणून घेतली. आणि आता रविवार हा एकच दिवस उरलाय ज्या दिवशी कुणी माझा दंड धरून मला रस्ता ओलांडून देत नाही. त्या हॉलमध्ये मी इतरांसारखीच हरते. तिथे घरी बसून रेडिओ ऐक असं मला कुणी सांगत नव्हतं. आता सांगायला लागलेत, आणि पहिला आवाज तुझा आहे.

बॅग डब्यात चढवून दिली की तू गप्प बसतेस, हे आधी कळलं असतं तर मीच चढवली असती.

नवीन वर्ष सुखाचं जावो. हे रिवाज म्हणून लिहिलंय.

थेल्मा

०

लँडडनो
२० जानेवारी २०१२

ती. ताईस शि. सा. न.

केरीचा फोन आला. बसस्टॉपवर बर्फावरून घसरलीस, घोट्याला फ्रॅक्चर, गुडघ्यापर्यंत प्लास्टर, आणि तू आम्हाला दोघींना कळवू नका म्हणून डॉक्टरशी भांडलीस! बाजाराच्या चाकांच्या पिशवीत ती रिमोटची गाडी होती म्हणे, आणि पडताना तू स्वतःला नाही, पिशवीला सावरलंस. ताई, काय म्हणू मी तुला?

मी पुढच्या शनिवारी येते. तुझं जेवण, अंघोळ, घर सगळं बघते. केरीला तिची पोरं आहेत, नोकरी आहे. मी इथे मांजराशिवाय कुणाला हवी आहे? सभेला तुला जाता येणार नाही, हे एका परीने बरंच झालं असं म्हणत नाही मी, पण देवाच्या मनात काहीतरी असेल.

तुझ्या मागच्या पत्राचं मी मनावर घेतलेलं नाही. म्हणजे घेतलंय, पण ते बोलून दाखवणार नाही.

आशीर्वाद असू दे.

बेरिल

०

बर्सलेम
२४ जानेवारी २०१२

बेरिल,

येऊ नकोस.

जेवण केरी आणते, आणि ती तुझ्यापेक्षा पातळ ओटकेक करते. अंघोळीचं मी बघते. देवाच्या मनात काही नव्हतं, नगरपालिकेने मीठ टाकलं नव्हतं.

तुला माझं प्लास्टर पुसायला यायचंय, उशी लावायला यायचंय, सूप भरवायला यायचंय. ज्याला जीभ लागत नाही त्या प्रत्येक कामाला तू तयार आहेस. मला मदत एकाच ठिकाणी हवी होती आणि तिथे तुझे हात साबणात होते. सभेत माझ्या वतीने एकटा सिरिल बोलणार आहे, म्हणजे ज्याला लागलं तोच. पण तो काय सांगणार? त्याने फक्त नडगी पाहिली.

तेव्हा माझ्या उंबऱ्याला पाय लावू नकोस. हे रागाने लिहीत नाही, शांतपणे लिहितेय, आणि दोनदा वाचून पाकिटात घालतेय.

थेल्मा

०

लँडडनो
सोमवार, ६ फेब्रुवारी २०१२

ती. ताईस, तू चालवून घेशील तेवढे नमस्कार.

तुझ्या उंबऱ्याला पाय लावू नकोस असं तू लिहिलं होतंस. मी लावला नाही. पण क्लबाच्या उंबऱ्याबद्दल तू काही लिहिलं नव्हतंस.

काल पहाटेची गाडी धरली. क्रू स्टेशनात गाडी बदलायची होती, तिथे बर्फामुळे सगळं रखडलं होतं, आणि मला फलाटावर तीनदा वाटलं की हे बरंच झालं, आता परत जावं. मग तुझं ते साबणाचं वाक्य आठवायचं. इतकं झोंबलं होतं ते, ताई, की मी घरी भांडी घासणंसुद्धा सोडलं होतं, ताटल्या तशाच साचल्या होत्या.

मी पोचले तेव्हा सभा सुरू झाली होती. मागच्या खुर्चीवर कोट न काढता बसले. डेस्मंडने नियम वाचून दाखवला. चांगलं बोलतो गं तो. कुणावर आरोप नाही, सगळ्यांच्या भल्यासाठी, थेल्माबाईंबद्दल मला आदरच आहे, वगैरे. सिरिल उठला आणि म्हणाला, की मला काही फार लागलं नव्हतं, मला बिस्किटं मिळाली. लोक हसले आणि विषय तिथेच बुडाला. हात वर करा म्हणणार तेवढ्यात मी उभी राहिले.

डेस्मंडने अगदी सौम्यपणे विचारलं की बेरिल, तू सभासद आहेस का? मी म्हटलं, नाही, त्या दिवशी तुमचे सगळ्यांचे कप मी विसळले, तेवढंच माझं नातं. मग माझा आवाज असा चिरका झाला की मलाच ओळखू येईना. पण सांगितलं. तो आत आला, एरियल ओढलं, बटण दाबलं, काचेखालची सुई वर चढली, त्याने दांडी पुढे ढकलली, आणि त्याच क्षणी बाहेर आरडाओरडा. एका मुलाने विचारलं की चष्मा होता का? मी म्हटलं, बाळा, चष्मा मला वाचायला लागतो, सुई बघायला नाही. हे मी तुला पत्रात उलटं लिहिलं होतं, ताई. मला तेव्हा खोटं बोलायला चष्माच सोयीचा वाटला.

डेस्मंडचे कान लाल झाले होते. मग तो उठून त्या चिमट्यांच्या फळ्यापाशी गेला आणि सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला. म्हणाला की गेली कित्येक वर्षं तो नवा रिमोट वापरतो, त्याला चिमटा लागत नाही, त्यामुळे चिमटा घ्यायची हाताची सवयच गेली. चालू केल्याचं त्याच्या ध्यानातही राहिलं नव्हतं, आणि बॅटरी नव्हती असं तो बोलून गेला ते तुझ्या फोनने घाबरून. मला त्याची दया आली. पण मी खाली बसले नाही, तो बसेपर्यंत उभी राहिले.

नियम त्याने स्वतःच मागे घेतला. पाट्या राहिल्या, ताई. तुझी गाडी आहे तशी पळू शकते.

आणि एक आनंदाची गोष्ट. सगळ्यांनी टाळ्या वाजवून ठरवलं की शर्यत झाल्यावर पुढच्या फेरीला वळणावर उभं राहून उलटलेल्या गाड्या सरळ करायचं काम असतं ना, त्यातून तुला कायमची सूट. मानाने. डेस्मंडनेच सुचवलं, तुझ्या गुडघ्याचा विचार करून. मला फार बरं वाटलं.

परत येताना स्टेशनपर्यंत चालत गेले. त्याने विचारलं होतं, मी नको म्हटलं. बॅग मीच चढवली.

लिहिण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घे, आणि पत्र लिही, दोन ओळींचं का होईना.

तुझी,
बेरिल

०

बर्सलेम
सोमवार, ५ मार्च २०१२

चि. बेरिलला अ. उ. आ., आणि या वेळी मनापासून.

तू गेलीस. बरं केलंस. याहून जास्त लिहिणार नाही, तुला चढेल. सिरिल मला सांगायला घरी आला होता. तू उभी होतीस तेव्हा हातातल्या पिशवीतले काटेचमचे खुळखुळत होते म्हणे. सभेला काटेचमचे कशाला नेलेस ते पुढच्या पत्रात कळव.

प्लास्टर निघालं. पाय आतून सोललेल्या बटाट्यासारखा दिसतो.

आता ती मला दिलेली सूट. बेरिल, तुला बरं वाटलं, पण ती सूट म्हणजे तीच लाल फीत, फक्त डबी वेगळी. आमच्याकडे रीत अशी की जो शर्यतीत गाडी घेऊन धावतो तो पुढच्या फेरीला वळणावर उभा राहतो. उभं राहायचं नसेल तर धावायचं नाही. बिनकामाची धावणारी म्हणजे पाहुणी. पाहुणीला लोक खुर्ची देतात आणि मग तिथेच बसवून ठेवतात.

म्हणून काल सकाळी बसने गेले, काठी घेऊन. सरळ डेस्मंडच्या टेबलाशी गेले आणि सांगितलं की माझ्या नावापुढची सूट खोड. तो म्हणाला, थेल्मा, तुझ्या गुडघ्यासाठी आहे ती. मी म्हटलं, गुडघा माझा आहे, त्याचा ठराव क्लबाने करायचा नाही. तो म्हणाला, मी माफी मागायची ठरवत होतो. मी म्हटलं, माग. मागितली त्याने, नीट, लोकांसमोर. मी म्हटलं, ठीक आहे, आता खोड. त्याने खोडलं. मग मी फळ्यावरून पिवळा चिमटा घेतला आणि एरियलला लावला.

गाडी पळवली. शेवटून दुसरी आले, कारण शेवटच्याचं चाक निखळलं. पाटी टिकटिकत होती, ठोकळा इतका तापला की सिरिल म्हणाला, यावर ओटकेक भाजून होईल. गाडी प्रत्येक वळणाला मी सांगितलं तिथे थांबली. नव्या डबीवाल्या पोरांच्या गाड्या माझ्या गाडीच्या आजूबाजूने भुर्रकन जात होत्या आणि एक पोरगा ओरडला, आजी, बाजूला! मी त्याला काय म्हटलं ते तुझ्या चर्चमध्ये वाचता येणार नाही.

मग रीतीप्रमाणे लांबच्या वळणावर उभी राहिले. पुढची फेरी डेस्मंडची. नवी गाडी, चकचकीत, आवाज नाही, वास नाही. तिसऱ्या चकरीत तो माझ्या वळणाला फार जोरात आला आणि गाडी उताणी पडली, माझ्यापासून काठीभर अंतरावर. चाकं वर करून भुंग्यासारखी फिरत होती. मागून तो ओरडत होता, गाडी, थेल्मा, गाडी! सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. माझा गुडघा दुखरा आहे हे तर त्या सगळ्यांनी टाळ्या वाजवून मान्य केलेलं. मी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. कोट जरा नीट केला. एक पाऊल टाकलं, मग दुसरं. तोवर चार गाड्या बाजूने निघून गेल्या.

मग वाकले, गाडी उचलली, सरळ केली आणि नाक बरोबर रस्त्याकडे करून खाली ठेवली. वाकडी ठेवली असती तरी कुणी काही म्हणालं नसतं. पण मी तिथे कामाला उभी होते.

पुढच्या रविवारीही जाणार आहे. ज्याची उलटेल त्याची उचलीन.

ईस्टरला ये, मांजराला शेजारणीकडे ठेवून. माया आहे तेवढी पुरे, वाढव म्हणत नाही. कमी केलीस तर मात्र मी लँडडनोला येईन.

तुझी,
थेल्माताई